समुपदेशकाचं घर त्याच्या पुढच्या प्रश्नात दिसतं

प्रश्न विचारणारी मुलगी लातूरकडची आहे आणि समुपदेशन मानसशास्त्रात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरात वारीची परंपरा, वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, तिच्या स्वतःच्या गळ्यात तुळशीची माळ. क्लायंटसमोर बसताना स्वतःची मूल्यं बाहेर ठेवायची, असं तिला वर्गात शिकवतात आणि ते तिला जमत नाही. ती विचारते : आपल्यावर झालेल्या संस्कारांचा समुपदेशनावर खरंच किती परिणाम होतो, तो टाळता येतो का, आणि माळ काढून बसावं का?

मी बरीच वर्षं पुण्यात समुपदेशन करते आहे आणि नव्या समुपदेशकांना सुपरव्हिजनही देते, म्हणजे त्यांनी केलेलं काम त्यांच्याबरोबर बसून तपासते. परिणाम होतो, भरपूर होतो आणि तो टाळता येत नाही. मात्र आपण जिथे शोधतो तिथे तो बहुधा सापडत नाही. देव मानता की नाही, घटस्फोटाबद्दल काय वाटतं, आंतरजातीय लग्नाला पाठिंबा आहे की नाही, ही मतं आपली आपल्याला ठाऊक असतात. ठाऊक असतात म्हणून सांभाळताही येतात. लहानपणापासून जे अंगवळणी पडलेलं असतं ते मात्र मत म्हणून दिसतच नाही. ‘असंच असतं, त्यात काय विशेष’ असं वाटतं. ते पकडायला मला एकच भरवशाची जागा सापडली आहे : क्लायंटचं वाक्य संपल्यावर तुम्ही विचारलेला पुढचा प्रश्न. समोरच्याने दहा गोष्टी सांगितलेल्या असतात, त्यातली एक तुम्ही उचलता आणि नऊ सोडता. कोणती उचलायची हे तुमच्या आधी तुमच्या घराने ठरवलेलं असतं.

(पुढची उदाहरणं अनेकांच्या गोष्टी एकत्र करून आणि तपशील बदलून लिहिली आहेत.)

रडण्यापासून सुरुवात करते, कारण ते प्रत्येकाच्या वाट्याला येतं. आपल्याकडे कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं की घरातलं कुणीतरी उठून तांब्या-भांडं आणतं. ‘पाणी घे आधी, शांत हो.’ त्यात माया असते, शंकाच नाही. समुपदेशनाच्या खोलीतही तेच घडतं. पाण्याचा ग्लास पुढे सरकतो, टिश्यूचा डबा पुढे सरकतो, आणि समोरची बाई डोळे पुसून ‘सॉरी मॅडम’ म्हणते. रडणं थांबतं आणि जे सांगायला ती आली होती तेही थांबतं. सुपरव्हिजनमध्ये मी विचारते, ‘पाणी कधी दिलंत?’ बहुतेकांना आठवत नाही. इतकी ती कृती हाताच्या सवयीची असते.

मग मी पुढचं विचारते : तुमच्या घरात कोण रडायचं आणि कुठे? उत्तरं फार बोलकी असतात. आई न्हाणीघरात नळ सोडून रडायची. आजी देवघरासमोर बसायची, पण पाठ आमच्याकडे असायची. वडिलांना कधी पाहिलंच नाही. ज्या घरात रडणं आडोशाला उरकायची गोष्ट होती, तिथून आलेल्या समुपदेशकाला समोर बसून रडणारा माणूस सहन होत नाही, आणि ही अस्वस्थता मदतीचं रूप घेऊन बाहेर येते. याउलटही असतं. गावाकडे मयताला बायका गळ्यात पडून मोठ्याने आकांत करतात. ते पाहत वाढलेल्या एका मुलीला रडणाऱ्या क्लायंटची भीती कधीच वाटली नाही. पण नवरा जाऊन दोन महिने झालेली एक बाई तिच्यासमोर कोरड्या डोळ्यांनी विम्याच्या कागदपत्रांबद्दल बोलत बसली, तेव्हा हिने नोंदीत लिहिलं, ‘दुःख नाकारते आहे.’ त्या बाईने काहीच नाकारलेलं नव्हतं. तिच्या घरात दुःख हातातल्या कामातून बाहेर पडायचं, एवढंच.

दुसरं उदाहरण पेठांमधलं. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत पाचवं वर्ष काढणारा मुलगा. एमपीएससीची पूर्व निघते, मुख्य निघते, यादीत नाव थोडक्यात हुकतं. गावी दोन एकर कोरडवाहू, खोलीचे आणि मेसचे पैसे दर महिन्याला वडील पाठवतात. त्याला झोप लागत नाही, म्हणून तो आला आहे. हेच निवेदन मी एका प्रशिक्षणात तीन समुपदेशकांपुढे ठेवलं आणि पहिला प्रश्न लिहायला सांगितला. शिक्षकाच्या घरातल्या मुलीने लिहिलं, ‘अभ्यासाचं वेळापत्रक कसं असतं?’ मारवाडी व्यापारी घरातल्या मुलाने लिहिलं, ‘दुसरा काही पर्याय डोक्यात आहे का?’ तिसरीचा थोरला भाऊ याच परीक्षांमध्ये वयाच्या पस्तिशीला पोहोचला होता. तिने लिहिलं, ‘अजून किती वर्षं द्यायची ठरवली आहेत?’ तिन्ही प्रश्न शहाणे आहेत. पण मुलगा झोपेबद्दल बोलला होता. रात्री जागा असतो तेव्हा डोक्यात काय चालतं, हे कुणीच विचारलं नाही. तिघांनी आपापल्या घरातल्या काळजीला उत्तर दिलं.

माझंही सांगते, म्हणजे हे फक्त शिकाऊ लोकांचं असतं असं वाटायला नको. मी सातारा जिल्ह्यातल्या एका मध्यमवर्गीय घरात वाढले. वडील सहकारी बँकेत होते. घरात दुखणं सांगितलं की लगेच उपाय निघायचा : डोकं दुखतंय तर झोप, मैत्रिणीशी भांडण झालं तर उद्या जाऊन बोल. हात हलवले की प्रश्न सुटतो, हा आमच्या घराचा धर्म. त्यामुळे आजही क्लायंटचं बोलणं निम्म्यावर असताना माझ्या मनात उपाय तयार होतो. तो नाहीसा व्हावा असा हट्ट मी सोडला आहे. तो आला की मी ओळखते की हा वडिलांचा आवाज, आणि माणसाला पुढे बोलू देते. कधीकधी शेवटी तोच उपाय कामाला येतो. फरक एवढाच की तोवर तो क्लायंटला स्वतःलाच सुचलेला असतो किंवा त्याने मागितलेला असतो.

तुमच्या अभ्यासक्रमात जे मोठे सिद्धांत आहेत, तेही कुणाच्या तरी घरातूनच आलेले आहेत. कार्ल रॉजर्स 1902 साली शिकागोजवळच्या ओक पार्कमध्ये कर्मठ प्रोटेस्टंट घरात जन्मले. पत्ते, नाच, नाटक, दारू सगळं वर्ज्य. पहिल्यांदा सोड्याची बाटली प्यायलो तेव्हाही काहीतरी पाप केल्यासारखं वाटलं, असं त्यांनी पुढे लिहून ठेवलं आहे. ते बारा वर्षांचे असताना कुटुंब शेतावर राहायला गेलं आणि या मुलाने शास्त्रीय शेतीची पुस्तकं वाचून काढली. तळघरात ठेवलेल्या बटाट्यांना फुटलेले फिकट कोंब लांबच्या खिडकीतल्या उजेडाकडे वळतात, हे त्यांनी लहानपणी पाहिलं होतं आणि म्हातारपणीही ते त्याचा दाखला देत. धर्मोपदेशक व्हायचं म्हणून ते न्यूयॉर्कच्या सेमिनरीत गेले, तिथून बाहेर पडून मानसशास्त्राकडे वळले. माणसाला अटी न घालता स्वीकारलं की तो आपणहून वाढतो, हा त्यांचा विचार मला त्या घराला दिलेलं उत्तर वाटतो आणि त्या शेतातलं पीकही वाटतो. अल्बर्ट एलिस यांचं बालपण अगदी वेगळं होतं. जन्म 1913 चा, मूत्रपिंडाच्या आजारामुळे लहानपणी महिनोन्‌महिने रुग्णालयात काढलेले आणि आईवडील क्वचितच भेटायला येणारे. मुलींशी बोलायची भीती घालवण्यासाठी एकोणिसाव्या वर्षी त्यांनी ब्राँक्समधल्या वनस्पती उद्यानात बाकावर बसलेल्या शंभरएक अनोळखी स्त्रियांशी ठरवून बोलणं काढलं. 1955 च्या सुमारास त्यांनी मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती हेच सांगते की घटनेपेक्षा घटनेबद्दलचा आपला आग्रह आपल्याला जास्त छळतो. महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी ही पद्धत आयुष्यभर शिकवली आणि इथे ती चांगली रुजली. सुधारकांचा, बुद्धिप्रामाण्याचा वारसा असलेल्या घरांना ती आपली वाटली असणार, असं मला वाटतं.

म्हणून मी विद्यार्थ्यांना विचारते, कोणता सिद्धांत वाचल्याबरोबर ‘हे बरोबर आहे’ असं वाटलं? आणि कोणता वाचताना कंटाळा आला? दोन्ही उत्तरांत तुमचं घर सापडतं. रॉजर्स वाचून ‘एवढं लाडावून कसं चालेल’ असं मनात आलं असेल, तर तुमच्या घरात शाबासकी कशी आणि कधी मिळायची ते आठवून पाहा.

मूल्यं बोललीच नाहीत तर ती क्लायंटपर्यंत पोहोचणार कशी, असं तुमच्या वर्गातल्या त्या नियमामागे गृहीत आहे. पण ती पोहोचतात. 1955 साली डेव्हिड रोझेंथाल यांनी मोजक्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लैंगिकता, राग आणि अधिकार या विषयांवरची रुग्णांची नैतिक मतं त्यांनी उपचाराआधी आणि नंतर तपासली. जे रुग्ण सुधारले असं ठरलं, त्यांची मतं आपल्या थेरपिस्टच्या मतांच्या जवळ सरकलेली होती. थेरपिस्टनी काही शिकवलं नव्हतं, निदान शिकवायचा इरादा नव्हता. अभ्यास लहान होता, पण पुढे बऱ्याच संशोधकांनी हा धागा उचलला. मला तो रोजच्या अनुभवाशी जुळणारा वाटतो. आपण कशावर मान हलवतो, कुठे वहीत टिपतो, कोणत्या वाक्यानंतर आवाज मऊ होतो, हे समोरचा माणूस बारकाईने वाचत असतो.

आपल्याकडे तर तो जास्तच वाचतो. लोक आपल्याला ‘ताई’ म्हणतात, ‘मॅडम’ म्हणतात, आणि तिसऱ्या वाक्याला म्हणतात, ‘तुम्हीच सांगा आता काय करू.’ घरोघरी ही जागा आत्याची, मामाची, गुरुजींची होती, ती आता तुमच्याकडे आली आहे. मनोविकारतज्ज्ञ जे. एस. नेकी यांनी 1973 मध्ये गुरू-शिष्य नात्याचा उपचारातल्या नात्यासाठी नमुना म्हणून विचार करावा, असं मांडलं. आपल्याकडच्या माणसाला पूर्ण अलिप्त तज्ज्ञ परका वाटतो, हे त्यात बरोबर पकडलं आहे. पण गुरूचं वजन हातात आलं की जबाबदारीही वाढते. ‘सासूबाईंशी एकदा बोलून बघा’ हे तुमच्या दृष्टीने सहज सुचवलेलं वाक्य असतं, समोरच्यासाठी ती आज्ञा असते.

याची सर्वांत कडक परीक्षा मारहाणीच्या प्रकरणात होते, म्हणून इथे जरा थांबते.

संसार टिकवणं ही बाईची कर्तबगारी, हे आपल्यापैकी बहुतेकींनी दुधाबरोबर घेतलेलं आहे. कर्त्या बायकांच्या कौतुकाच्या गोष्टी आठवा. ‘तिने सगळं सोसलं, पण घर मोडू दिलं नाही.’ अशा घरातून आलेली समुपदेशक, समोरच्या बाईने ‘त्यांनी हात उचलला’ असं सांगितल्यावर विचारते, ‘त्याआधी काय झालं होतं?’ प्रश्न निरागस आहे, माहिती मिळवण्यासाठीच विचारला आहे. पण बाईला त्यात ‘तू काय केलंस’ असं ऐकू येतं, कारण माहेरी, पोलीस चौकीत, नातेवाइकांत तिला हेच विचारून झालेलं असतं. दुसरी समुपदेशक चळवळीच्या घरातली. ती विचारते, ‘मग तुम्ही अजून तिथे का राहता?’ हाही प्रश्न मूल्यातूनच आला आहे आणि मूल्य उत्तम आहे. पण ज्या बाईचं माहेर तिला परत घ्यायला तयार नाही, मुलगा दहावीला आहे आणि हातात स्वतःचा पैसा नाही, तिला त्यात दुसरा आरोप ऐकू येतो. ती पुढच्या वेळी येत नाही.

टाटा समाजविज्ञान संस्थेने 1984 मध्ये मुंबई पोलिसांबरोबर महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. 2000 साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ संस्थेने ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं. हिंसेच्या बाबतीत तटस्थ राहता येत नाही, हिंसेची जबाबदारी करणाऱ्याची असते, पण पुढे काय करायचं हा निर्णय बाईचा असतो, अशी भूमिका या कामातून घडत गेली. मी नव्या समुपदेशकांना त्याच दिशेचे प्रश्न विचारायला सांगते. शेवटचं झालं तेव्हा मुलं कुठे होती? घरातून निघावं लागलं तर आधार कार्ड, रेशन कार्ड, मुलांचे दाखले, पासबुक, दागिने कुठे आहेत? रात्री अकरा वाजता दार वाजवलं तर कोण उघडेल? या प्रश्नांत संसार टिकवायचा आग्रह नाही आणि मोडायचाही नाही. तिचा जीव महत्त्वाचा आहे हे मूल्य मात्र आहे आणि ते उघड आहे. ते लपवायचं कारणही नाही. कायदाही काही बाबतींत निवड ठेवत नाही. 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर ती कळवणं बंधनकारक आहे. तिथे ‘घरातली गोष्ट घरात’ हे आपल्या लहानपणचं वाक्य मनात आलं तरी त्याला मान देता येत नाही.

जातीबद्दल आपल्या क्षेत्रात फार कमी बोललं जातं आणि मला त्याचं खरंच दुःख होतं. पुण्या-मुंबईतल्या समुपदेशकांच्या पाट्या वाचा. बरीच आडनावं एकाच थरातली दिसतील. यातल्या अनेकांचं वाक्य ठरलेलं असतं, ‘आमच्या घरात जात कधी मानलीच नाही.’ ते खोटं बोलत नाहीत. त्यांच्या घरात जातीचा विषय निघायची गरजच पडली नाही, म्हणून जात नसते असं ते धरून चालतात. मग एक तरुण येतो, चांगल्या कंपनीत नोकरीला. तो सांगतो की डबा खाताना सहकारी थोडे बाजूला सरकतात, आरक्षणावरून त्याच्याकडे बघून विनोद होतात, प्रमोशननंतर एकाने ‘कोट्यातून का?’ असं विचारलं. समुपदेशक विचारते, ‘तुम्हाला तसं वाटलं, की खरंच तसं होतं?’ चिंतेच्या रुग्णाला विचारायला हा प्रश्न पाठ्यपुस्तकात आहे. इथे तो विचारला की तरुणाच्या लक्षात येतं की या खोलीतही आपल्याला पुरावा द्यावा लागणार. आंबेडकरी घरात वाढलेल्या समुपदेशकाला हा प्रश्न सुचणारच नाही. तिचा कस वेगळ्या ठिकाणी लागतो. शिक्षणाने घर उभं राहिलेलं तिने पाहिलेलं असतं. त्यामुळे इंजिनिअरिंग सोडून तबला शिकायचं म्हणणारा त्याच वस्तीतला मुलगा समोर आला की तिच्या पोटात गोळा येतो. तो गोळा खरा आहे, दोन पिढ्यांच्या कष्टांतून आला आहे. तो आपला आहे, मुलाचा नाही, एवढं तिला त्या क्षणी कळलं तर पुरे.

आता माळेचं. काढू नका. माळ काढून बसलात तर स्वतःशी खोटं वागल्याची भावना तुम्हाला पूर्ण वेळ टोचत राहील आणि लक्ष तिकडे जाईल. कुणी विचारलं तर सांगा, ‘हो, आमच्याकडे वारी आहे. तुम्हाला माझ्याशी बोलताना त्याने काही अडचण वाटते का?’ आणि उत्तर ऐका. एखाद्याला खरंच अडचण असते. घरी मांसाहार आणि दारू असलेला माणूस माळेसमोर दारूबद्दल अर्धंच बोलतो. ते तुम्हाला माहीत असलं पाहिजे. म्हणून व्यसनाचा इतिहास घेताना तुम्हीच आधी साध्या स्वरात विचारा : किती, कोणती, दिवसाच्या कोणत्या वेळी. तुमच्या आवाजात धक्का नाही हे एकदा कळलं की माळ आड येत नाही. आणि वारीच्या घरातून तुम्हाला एक मोठी गोष्ट मिळाली आहे. वारीत माणसं वय, जात, शिक्षण न बघता एकमेकांच्या पाया पडतात. तुमच्या शिक्षकाच्या घरानेही धीर शिकवला असेल, चौथ्यांदा चुकणाऱ्या मुलाला पाचव्यांदा समजावण्याचा. या गोष्टी बाहेर ठेवून यायचं म्हणजे हातातलं चांगलं अवजार टाकून यायचं.

श्रद्धेच्या बाबतीत अडखळणं भाविकांचंच होतं असं नाही. नास्तिक घरातल्या समुपदेशकासमोर बाई म्हणते, ‘माझ्या अंगात येतं.’ त्याचा पुढचा प्रश्न थेट झोप, फिट्स, आवाज ऐकू येतात का याकडे जातो. तेही विचारायला हवंच. पण अंगात येतं तेव्हा घरचे तिच्याशी कसे वागतात, एरवी तिचं कोण ऐकतं, हे राहून जातं, आणि बहुतेक वेळा कळीची गोष्ट तिथेच असते. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी जटा सोडवायचं जे काम केलं आहे ते या दृष्टीने शिकण्यासारखं आहे. त्यांची स्वतःची भूमिका स्वच्छ आहे, जट हा देवीचा कौल नाही. तरी त्या बाईच्या घरी पुन्हापुन्हा जायचं, देवीच्या कोपाची तिची आणि घरच्यांची भीती ऐकायची, तिचा होकार आल्यावरच कात्री लावायची. मूल्य ठाम, आणि घाई अजिबात नाही.

आपल्या मूल्यांच्या नेमक्या विरुद्ध असलेलं काही समोर आलं तर? अमेरिकेत 2009 मध्ये ईस्टर्न मिशिगन विद्यापीठातल्या एका विद्यार्थिनीने धार्मिक कारणावरून समलिंगी क्लायंटशी त्या नात्याबद्दल काम करायला नकार दिला आणि त्याला दुसऱ्याकडे पाठवा म्हणाली. विद्यापीठाने तिला काढलं, प्रकरण न्यायालयात गेलं. पुढे 2014 च्या अमेरिकन समुपदेशक संघटनेच्या आचारसंहितेत स्पष्ट आलं की केवळ स्वतःच्या मूल्यांमुळे क्लायंटला दुसरीकडे पाठवायचं नाही. एखादं काम आपल्याला येत नाही म्हणून पाठवणं वेगळं. मला हा नियम आपल्यासाठी जास्तच लागू वाटतो. पुण्यात तुम्ही कुणाला ‘दुसरीकडे जा’ म्हणालात तर दुसरीकडे असतं. तालुक्याच्या ठिकाणी तुमच्यानंतर कुणीच नसतं. तुमचा नकार हाच त्या माणसाला मिळालेला शेवटचा शब्द ठरू शकतो. आणि तो विशीतला मुलगा असेल, घरचे ‘लग्न केलं की सुरळीत होईल’ म्हणत मुली दाखवत असतील, तर त्या शब्दाचं मोल तुम्हीच करा.

कायदा इथे तुमच्या पाठीशी आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या तिसऱ्या कलमात लिहिलं आहे की समाजातल्या प्रचलित नैतिक, सामाजिक, सांस्कृतिक मूल्यांशी किंवा धार्मिक श्रद्धांशी माणूस जुळत नाही, या आधारावर त्याला मानसिक आजारी ठरवता येणार नाही. समलिंगी व्यक्तीला ‘बरं’ करण्याचे उपचार हा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार असल्याचं राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022 मध्ये कळवलं.

पण कायदा सांगितल्याने पोटातली अस्वस्थता जात नाही. तिचं काय करायचं याचं मला फार आवडणारं उदाहरण एका न्यायमूर्तींचं आहे. 2021 मध्ये मद्रास उच्च न्यायालयात मदुराईहून चेन्नईला आलेल्या एका समलिंगी जोडप्याचं, दोन तरुणींचं, प्रकरण न्या. एन. आनंद वेंकटेश यांच्यासमोर होतं. या विषयाबद्दलची आपली समज समाजातल्या सर्वसाधारण समजुतींमधूनच आलेली आहे, हे त्यांनी उघडपणे नोंदवलं आणि निकाल देण्याआधी स्वतः एका मानसशास्त्रज्ञांकडे बसून विषय समजून घेतला. एलजीबीटी समुदायातल्या व्यक्तींशीही ते बोलले. मग निकाल दिला. अस्वस्थता वाटणं हे त्यांनी अपात्रतेचं लक्षण मानलं नाही, आणि ती क्लायंटच्या, म्हणजे इथे याचिकाकर्त्यांच्या, डोक्यावरही ठेवली नाही. स्वतःहून अंगावर घेतलेलं काम होतं ते. तुम्हालाही तेच करायचं आहे.

पैशांबद्दल थोडंच लिहिते. ज्ञान विकू नये असं शिकवणाऱ्या घरातली मुलं फी सांगताना खाली बघतात आणि पन्नास मिनिटांचं सेशन दोन तास चालवतात. क्लायंट दमतो, त्याला उपकाराखाली असल्यासारखं वाटतं आणि ‘मला बरं वाटत नाहीये’ हे सांगणं त्याला अवघड होतं. फी कमी ठेवायची तर ठेवा, पण वेळ आणि रक्कम आधी ठरवा.

आता प्रत्यक्षात काय करायचं. मरे बोवेन या कुटुंबोपचारतज्ज्ञांनी 1967 साली एका व्यावसायिक परिषदेत सिद्धांत मांडायचा सोडून स्वतःच्याच कुटुंबातल्या नात्यांवर केलेलं काम मांडलं. तेव्हापासून स्वतःच्या घराचा अभ्यास प्रशिक्षणाचा भाग झाला. तुम्ही तीन पिढ्यांचा जेनोग्राम, म्हणजे नात्यांच्या नोंदी असलेला कुटुंबाचा नकाशा, काढालच, अभ्यासक्रमात असतो. पण नावं आणि आजार लिहून थांबू नका. प्रत्येक पिढीसमोर लिहा : रागावण्याची परवानगी कुणाला होती? पैसा कुणाच्या हातात होता? कोणाचं नाव घरात घेतलं जात नव्हतं? घरातला ‘चांगला’ मुलगा कोण आणि कशामुळे? मुलगी वयात आल्यावर काय बदललं? आजारपणात लाड व्हायचे की ओरडा बसायचा? उत्तरं आईला, आत्याला विचारा, तुमच्या आठवणीवर विसंबू नका.

दुसरं, परवानगी घेऊन एखादं सेशन रेकॉर्ड करा, आणि उतरवून काढताना क्लायंटचं बोलणं गाळून फक्त स्वतःचे प्रश्न एका वहीत ओळीने लिहा. समोरच्याचं दुःख बाजूला गेलं की आपला कल लख्ख दिसतो. एका मुलीच्या पानावर वीस प्रश्नांपैकी अर्ध्याहून अधिक ‘मग आई काय म्हणाली?’ याच वळणाचे होते. क्लायंट चाळिशीचा पुरुष होता. ते पान बघेपर्यंत तिला कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

सुपरव्हायझर निवडताना ज्यांचं घर तुमच्यासारखं नाही असं माणूस शोधा. सारख्या घरातल्या दोघांना एकमेकांचे प्रश्न स्वाभाविकच वाटतात. तुमच्या जिल्ह्यात कुणी मिळालं नाही तर तीन-चार नव्या समुपदेशकांचा गट करा, महिन्यातून एकदा ऑनलाइन भेटा, पण गटात एक तरी जण वेगळ्या धर्माचा किंवा जातीचा, एक तरी शहरातला आणि निदान एक पुरुष असू द्या. क्लायंटची ओळख पटेल असं काहीही त्या भेटीत सांगू नका. प्रश्नांचं पान तेवढं आधी पाठवा. दुसरे ते वाचून ज्या प्रश्नापाशी थांबतील, तिथे लगेच ‘मी ते यासाठी विचारलं होतं’ असं समजावू नका. त्यांच्या घरात तोच प्रश्न कुणी, कुणाला, कोणत्या आवाजात विचारला असता, ते आधी त्यांच्याकडून ऐकून घ्या.